समजतं सगळं, तरी वेग वाढतोच

‘एवढी साधी अक्कल नाही?’ किशोरवयीन मुलांच्या आईवडिलांना हा प्रश्न वरचेवर पडतो. अक्कल असते. निवांत बसवून विचारलं, तर सोळा वर्षांचं मूल धोक्याचा अंदाज जवळपास मोठ्यांसारखाच घेतं. गोची होते ती भोवती मित्र जमल्यावर.

२००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावरही गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त. पण लाल होऊन आडव्या आलेल्या भिंतीवर आदळलात, तर गुण गेले. काही जण एकटे खेळले, काही जण बरोबरीच्या दोघांसमोर. एकट्याने खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि चोविशी ओलांडलेली माणसं यांच्यात फारसा फरक दिसला नाही. मित्र सोबत आले आणि मुलांनी पत्करलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मोठ्यांचा खेळ होता तसाच राहिला.

२०११ मध्ये अशाच खेळादरम्यान मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. मित्र शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होते. तेवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग अधिक चेतला. प्रौढांच्या बाबतीत असं घडलं नाही. कपाळामागचा, आवेगाला आवर घालणारा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

म्हणून धोक्यांवरची व्याख्यानं मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. मुलांना ती पाठ असतात! परिस्थिती बदलणं जास्त कामाला येतं. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने वाहन परवाना द्यायला सुरुवात केली. त्यात नवख्या चालकाच्या गाडीत कोण बसू शकतं आणि रात्री त्याने किती वाजेपर्यंत गाडी चालवावी, यावर बंधनं आहेत. इतर अनेक देशांनीही हा मार्ग धरला.

घरातही हेच करता येतं. मित्रांना आपल्याच घरी जमू द्यावं, मोठ्यांनी पलीकडच्या खोलीत असावं. ‘नको’ म्हणायला एखादी सबब आधीच ठरवून द्यावी. आईवडिलांवर खापर फोडायची मुभा असली की मुलांची मित्रांपुढे शोभा होत नाही. कुठेही अडकलास, तर कितीही वाजता फोन कर, घ्यायला येऊ, हेही आधीच सांगून ठेवावं. तसा फोन आलाच, तर जाब दुसऱ्या दिवशी विचारावा.