तांब्याची नळी टोकाशीच का पिचकते?

गेल्या उन्हाळ्यात एसी बसवताना भिंतीत आधीच पुरलेली तांब्याची नळी जेमतेम चार बोटं बाहेर होती. तिथेच तिला काटकोनात वळवायचं होतं. मेकॅनिकने दोन्ही अंगठे लावून जोर केला आणि नळीने मान टाकली. वळणाच्या आतल्या बाजूला घडी, तोंड लंबगोल. "लांब असती तर सरळ वळली असती," तो म्हणाला. खरंच होतं. तांबं तेच, जाडी तीच, मग टोकाशीच ही नाटकं का?

एक कारण तरफेचं. हातात तीस सेंटीमीटर नळी असताना जो जोर पुरतो, तो तीनच सेंटीमीटर उरल्यावर दहापट लावावा लागतो. पण खरी गंमत नळीच्या भिंतीत आहे.

चार सुती, म्हणजे १२.७ मिमी व्यासाची नळी घ्या आणि व्यासाच्या तिप्पट त्रिज्येवर काटकोनात वळवा. वळणाची मधली रेषा साधारण ६० मिमी असते. बाहेरची कड ७० भरते आणि आतली ५०. म्हणजे बाहेरचं तांबं ताणलं जातं, आतलं कोंबलं जातं. ताणलेली बाजू जवळची वाट धरायला मध्याकडे सरकू पाहते, कोंबलेली बाजू जागा शोधत तीही मध्याकडेच येते. नळी चपटी होते ती यामुळे. लांब नळीत वळणाच्या दोन्हीकडचा गोल भाग या चपटेपणाला आवर घालतो. टोकाला मात्र एका बाजूला शेजारीच नसतो. कागदाची सुरळी चिकटवून आधी मधोमध चिमटीत धरा, मग तोंडापाशी धरा. फरक बोटांना कळेल.

तोंड लंबगोल झालं की जोडाची वाट लागते. ब्रेझिंगमध्ये, म्हणजे एक नळी दुसरीत घालून डाग देताना, वितळलेला मिश्रधातू केशाकर्षणाने मधल्या फटीत ओढला जातो, आणि त्यासाठी ती फट चहूकडे सारखी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास हवी. लंबगोल तोंडात एकीकडे नळी घट्ट रुतते, दुसरीकडे खिंडार.

म्हणून जाणता कारागीर आधी वळवतो, मग कापतो. हातभर नळी जास्त ठेवायची, बेंडरने, म्हणजे नळी वळवायच्या अवजाराने, वळण काढायचं आणि नको तो भाग कटरने उडवायचा. कटर फिरायला आणि फ्लेअरचा, म्हणजे फुलवलेल्या तोंडाच्या जोडाचा, नट मागे सरकायला थोडा सरळ तुकडा मात्र राखावा लागतो. घाईत हेच विसरतं. नळी आधीच कापलेली असेल तर स्प्रिंग घालायची, ती नळीच्या भिंतीला आत बसू देत नाही. आत घातलेली स्प्रिंग वळणात अडकते. त्यावर युक्ती अशी, की हवं त्यापेक्षा किंचित जास्त वाकवायचं आणि मग थोडं उलगडायचं.

एकदा फसलं की पुन्हा सरळ करून वाकवू म्हणाल तर तांबं ऐकत नाही. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतले दोष सरकत गेल्यामुळे. वाकता वाकता हे दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि तांबं कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे भौतिकशास्त्र हातानेच ठाऊक आहे. मठारकाम करताना भांडं ठोकून ठोकून कडक करायचं ते मुद्दाम. घडवताना मात्र ते अधूनमधून तापवून मऊ करून घ्यावं लागतं. अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवलं की जुने गुंते मोडून नवे स्फटिककण तयार होतात. लालबुंद तापवलेलं पोलाद पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. नळीलाही हाच उपाय चालतो, पण गॅस भरलेल्या नळीला चुकूनही ज्योत दाखवायची नाही.

आमच्या नळीत अजून गॅस नव्हता, तरी मऊ करून वळवण्याइतकी लांबीच उरली नव्हती. पिचकलेला भाग कापला आणि राहिलेल्या दोन बोटांवर सरळ एल्बो, म्हणजे तयार काटकोनी जोड, ब्रेझ केला. टॉर्चच्या झळीने भिंतीवर काळा डाग पडला, त्यावर आता कॅलेंडर आहे.