दीर्घिकांचं वय सांगणाऱ्या रेषा

२९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे रंगांत फाकलेला प्रकाश, पाहिला. ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. दिसली ती जवळपास एकच तेजस्वी रेषा. म्हणजे तो निव्वळ वायू होता. देवयानी या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, प्रकाशाचा मात्र सलग पट्टा मिळाला. आकाशातले धूसर ठिपके सगळे एका जातीचे नाहीत, हे इथे कळलं.

१९१२ मध्ये ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या सलग पट्ट्यातल्या बारीक काळ्या रेषा फोटोच्या काचेवर उतरवल्या. प्रकाश इतका क्षीण, की एकाच काचेवर तासन् तास तो साठवावा लागे. रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या होत्या. म्हणजे देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होती. पुढे तपासलेल्या बहुतेक दीर्घिका दूर जाताना आढळल्या. दीर्घिका जितकी लांब तितकी वेगाने दूर जाते, हा एडविन हबल यांचा १९२९ चा निष्कर्ष या मेहनतीवर उभा आहे, आणि तिची आठवण फार कमी काढली जाते याची खंत वाटते.

दीर्घिका काळानुसार बदलतात का, हा प्रश्न १९६० च्या दशकात बिअट्रिस टिन्स्ले यांनी टेक्सास विद्यापीठातल्या पीएचडीत ऐरणीवर आणला. वजनदार निळे तारे लवकर संपतात, हलके लाल तारे टिकून राहतात. म्हणून तारे जन्मायचे थांबले की दीर्घिकेचा प्रकाश लालसर होत जातो. कोणते तारे कधी जन्मले हे गृहीत धरून वर्णपट गणिताने काढायचा आणि खऱ्याशी पडताळायचा. १९८१ मध्ये, अवघ्या ४० व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची ही वाट मात्र आजही रुळलेली आहे.

या वाटेचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९८३ चं. ॲलन ड्रेसलर आणि जेम्स गन यांना दूरच्या एका दीर्घिकासमूहात चमत्कारिक वर्णपट सापडले. हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक, म्हणजे ए प्रकारचे, तापलेले निळसर-पांढरे तारे भरपूर. पण नवे तारे जन्मताना उमटणाऱ्या तेजस्वी रेषा गायब. ए प्रकारचे तारे साधारण अब्जभर वर्षांत संपतात. म्हणजे तिथला तारेजन्म त्या मुदतीच्या आतच बंद पडला होता.

२००० साली सुरू झालेल्या स्लोन या आकाश-सर्वेक्षणात ॲल्युमिनियमच्या तबकडीला दीर्घिकांच्या जागी भोकं पाडून, त्यांत हाताने प्रकाशतंतू खोचत. एका वेळी ६४० वर्णपट मिळत.

२०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटातून महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतली एक दीर्घिका निश्चित झाली. पुढच्या वर्षी चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजनची रेषा मिळाली. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. तेव्हा तिथे ताऱ्यांची एक पिढी आधीच जगून संपली होती.