अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील सह्या

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात ब्रिटनच्या तेरा अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिसभेचे, सगळे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, हा अमेरिकेच्या इतिहासातला अत्यंत चिवट गैरसमज आहे. त्या दिवशी मंजूर झाला तो फक्त मजकूर. ब्रिटनपासून वेगळे होण्याचा निर्णय २ जुलैलाच झाला होता. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी रिचर्ड हेन्री ली यांच्या तशा ठरावाला १२ वसाहतींनी पाठिंबा दिला, न्यूयॉर्क तटस्थ राहिले. पुढच्या पिढ्या २ जुलैला मिरवणुका काढतील, रोषणाई करतील, असे जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्नीला लिहिले. रोषणाईचा अंदाज बरोबर ठरला, तारखेचा हुकला.

४ जुलैच्या रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात निघालेल्या प्रतींवर एकही हस्ताक्षर नाही. काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांची नावे तेवढी छपाईच्या खिळ्यांनी जुळवून छापलेली आहेत. ९ जुलैला न्यूयॉर्कने संमती दिल्यावर १९ जुलैला काँग्रेसने चर्मपत्रावर सुवाच्य प्रत करण्याचा आदेश दिला. शीर्षकात ‘एकमताने’ हा शब्द तेव्हाच आला. बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला. एकूण सह्या ५६. त्यांतले न्यू हॅम्पशरचे मॅथ्यू थॉर्नटन तर नोव्हेंबरमध्ये काँग्रेसमध्ये दाखल झाले. उलट मसुदा समितीतले रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांची सहीच नाही. सैन्यासोबत न्यूयॉर्कमध्ये असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचीही नाही.

मग घोळ कुठे झाला? चर्मपत्राच्या माथ्यावर तारीख राहिली ४ जुलैचीच. उतारवयात खुद्द जाहीरनाम्याचे मुख्य लेखक थॉमस जेफरसनही सह्या त्याच दिवशी झाल्याचे ठासून सांगत. अमेरिकेच्या संसदभवनातल्या, म्हणजे कॅपिटॉलमधल्या जॉन ट्रंबुल यांच्या १८ फूट रुंद चित्राने त्यात भर घातली. दोन डॉलरच्या नोटेमागेही छापलेले हे चित्र सह्यांचे समजले जाते. दाखवला आहे तो समितीने मसुदा सादर करण्याचा प्रसंग.

ब्रिटनच्या राजा जॉर्जला चष्म्याविना वाचता यावी म्हणून हॅनकॉक यांनी मोठी सही केली, ही कथा चटकदार आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. लंडनला पोहोचला तो सह्या नसलेला छापील मजकूर. सही करणे म्हणजे राजद्रोह, त्यामुळे नावे जवळपास सहा महिने जाहीरच झाली नव्हती. ती जानेवारी १७७७ मध्ये काँग्रेसच्या आदेशावरून बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गोडार्ड यांनी छापली, आणि मुद्रक म्हणून तळाशी स्वतःचे पूर्ण नावही घातले.