कडक स्प्रिंग आणि आखूड स्प्रिंग : जुन्या स्पोर्ट्स कारला नेमकी कुठली हवी?

"स्प्रिंगा बसल्यात, जरा कडक टाकून घेऊ." जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. ऐकायला सरळ वाटतं, पण त्यात दुखणं एक आणि औषध दुसरंच आहे. स्प्रिंग बसणं, म्हणजे भारानं आखूड होणं, ही उंचीची तक्रार आहे. कडक स्प्रिंग हा कडकपणाचा इलाज आहे. नव्या स्प्रिंगांच्या खोक्यावर 'एक इंच खाली, पंचवीस टक्के कडक' असं दोन्ही एका दमात छापलेलं असतं, त्यामुळे हा घोळ आणखी पक्का होतो.

कडकपणा, म्हणजे स्प्रिंगचा रेट, हा स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलोचा भार लागतो त्याचा आकडा. तो चार गोष्टींवर ठरतो: पोलादाचा जात्याच असलेला ताठपणा, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यात तारेची जाडी सगळ्यांत भारी, कारण रेट तिच्या चौथ्या घातानं वाढतो. तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते. वेटोळ्याचा व्यास वाढला तर रेट त्याच्या घनाच्या प्रमाणात उतरतो आणि वेढे वाढले तर सरळ प्रमाणात उतरतो. या यादीत स्प्रिंगची लांबी कुठेच नाही.

गाडी किती उंच उभी राहणार हे मात्र दोन गोष्टी मिळून ठरवतात: स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी आणि भाराखाली ती किती दबते ते. म्हणजे रेट बदलला की उंचीही हलते, पण उंची बदलण्यासाठी रेटला हात लावायची गरज नसते. हा एकतर्फी संबंध डोक्यात नीट बसला की निम्मा गोंधळ मिटतो.

आता बसलेल्या स्प्रिंगकडे पाहू. चाळीस-पन्नास वर्षं भार पेलून ती आखूड झालेली असते. पण तिची तार तेवढीच जाड आहे, वेढे तेवढेच आहेत आणि पोलादही तेच आहे. म्हणून तिचा रेट जवळपास नवी असताना होता तेवढाच असतो. बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते, ती फक्त बुटकी झालेली असते. (गंजानं तार खाल्ली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती स्प्रिंग मोडीतच जायला हवी.) मग गाडी मऊ का वाटते? बहुतेक वेळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असतात, बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) फाटलेले असतात आणि गाडी खाली आल्यामुळे बंप स्टॉपचं, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणारं, रबर दोन बोटांवर येऊन थांबलेलं असतं. खड्ड्यात 'धप्प' आवाज येतो आणि दोष स्प्रिंगच्या मऊपणाला दिला जातो.

एक हिशेब मांडून बघू. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचा २५० किलो भार आहे. सस्पेन्शन दुहेरी विशबोनचं आहे, म्हणजे चाकाला वर आणि खाली एकेक बिजागरीचा हात धरून ठेवतो, आणि स्प्रिंग खालच्या विशबोनच्या मधोमध बसते. चाक २ मिलिमीटर हललं की स्प्रिंग १ मिलिमीटर हलते, म्हणून तरफेच्या नियमानं स्प्रिंगवर ५०० किलो येतात. मूळ स्प्रिंगचा रेट मिलिमीटरला ८ किलो असेल, तर ती साडेबासष्ट मिलिमीटर दबते. आता तेवढ्याच मोकळ्या लांबीची, पण १० किलोची स्प्रिंग घाला. ती ५० मिलिमीटरच दबेल. स्प्रिंगपाशी साडेबारा मिलिमीटरचा फरक पडला, तो चाकापाशी दुप्पट होतो. गाडी पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच *वर* चढली. कडक स्प्रिंग टाकून गाडी खाली बसेल अशी अपेक्षा होती, आणि झालं भलतंच.

हीच गाडी मूळ उंचीपेक्षा एक इंच खाली हवी असेल, तर १० किलोची स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा २५ मिलिमीटर आखूड लागेल: साडेबारा कडकपणाची भरपाई म्हणून आणि साडेबारा गाडी खाली आणायला. म्हणून स्प्रिंग विकत घेताना नुसतं 'एक इंच लोअर' पुरत नाही. रेट किती, मोकळी लांबी किती आणि ठराविक भाराखालची लांबी किती, हे तीन आकडे मागा. ते देता येत नसतील, तर मी तरी त्या स्प्रिंगच्या वाटेला जात नाही.

याच उदाहरणात आणखी एक खाच आहे. तरफेचा परिणाम कडकपणावर दोनदा होतो, एकदा बळावर आणि एकदा अंतरावर. त्यामुळे ८ किलोची स्प्रिंग चाकापाशी फक्त २ किलोची ठरते, म्हणजे चौथा हिस्सा. डॅटसन २४०झेडसारख्या गाडीत चारही चाकांना स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेले उभे खांब) आहेत आणि स्प्रिंग जवळजवळ चाकाएवढीच हलते, म्हणून तिथे खूपच लहान आकडा पुरतो. दोन वेगळ्या गाड्यांचे स्प्रिंगचे आकडे शेजारी ठेवून 'त्याची माझ्यापेक्षा कडक' म्हणणं म्हणूनच व्यर्थ आहे.

उंची आणि कडकपणा खरंच वेगळे आहेत याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा टॉर्शन बारच्या गाड्यांत मिळतो. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला पुढे वेटोळ्याची स्प्रिंग नाहीच, त्या जागी पिळ घेणारा पोलादी दांडा आहे. दांड्याच्या टोकाचे दाते सोडवून तो थोडा फिरवून बसवला की गाडीची उंची बदलते, कडकपणा जिथल्या तिथे राहतो. कडकपणा हवा असेल तर जाड दांडा घालावा लागतो. पोर्शे ९११ नंही १९८९ पर्यंत टॉर्शन बारच वापरले. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये ही दोन्ही कामं एकाच वस्तूत गुंडाळली गेली आणि गोंधळाला तिथूनच जागा मिळाली.

आटे असलेल्या, उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरबद्दलही (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवती बसवलेल्या स्प्रिंगबद्दलही) असाच गैरसमज आहे. खालची रिंग वर फिरवली की स्प्रिंग 'टाइट' झाली असं मानतात. गाडीचा भार तोच, रेट तोच, मग स्प्रिंग दबणारही तेवढीच. वर गेली ती फक्त गाडी.

मग स्प्रिंगा कापतात तेव्हा काय होतं? तिथे दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. आठ वेढ्यांतला एक कापला की लांबी कमी होते आणि रेट आठास सात या प्रमाणात, म्हणजे साधारण १४ टक्के वाढतो. ज्या स्प्रिंगचं टोक घासून सपाट केलेलं असतं, तिचं टोक कापलं की ती बैठकीत नीट बसत नाही. आणि स्प्रिंगला गॅसची ज्योत लावून ती 'बसवणं' हा प्रकार तर हातही लावू नये असा आहे. पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे ती कधी, किती बसेल याचा भरवसा राहत नाही.

आता आपल्याला काय हवंय ते ठरवायचं. आधी मोजा. सपाट जमिनीवर, टायरची हवा बरोबर, टाकीत पेट्रोल, चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन, आणि मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरचा आकार मध्ये लुडबुडतो. हे माप मूळ मापापेक्षा कमी असेल आणि गाडीची चाल तुम्हाला पसंत असेल, तर मूळ रेटची, मूळ लांबीची नवी स्प्रिंग घ्या. अशी निवड फार थोडे करतात, आणि बहुतेकांना खरं तर तीच लागत असते.

उलट उदाहरण रबर बंपरच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी या गाडीला जाड बंपर आले आणि ती सुमारे एक इंच उंच झाली. तिची वळणावरची चाल बिघडली ती प्रामुख्यानं या उंचीमुळे. शिवाय काही काळ तिचा पुढचा अँटी-रोल बारही (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) काढून टाकला होता. अशा गाडीला आधी खाली आणायला हवं. नुसता कडकपणा वाढवून मूळ दुखणं जात नाही.

वळणावर झुकणं हीच तक्रार असेल, तर कडकपणाचा विचार करा, पण आधी अँटी-रोल बारकडे बघा. तो झुकणं रोखतो आणि दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर मध्ये येत नाही, म्हणून आराम कमी बिघडतो. फक्त गाडी खाली करून झुकणं कमी होईल या भरवशावर राहू नका. दुहेरी विशबोनच्या गाडीत रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीपेक्षा जास्त खाली घसरू शकतं आणि मग ती आधीपेक्षा जास्त झुकते. शिवाय खाली आलेल्या गाडीला बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी उरतं. म्हणूनच आखूड स्प्रिंग थोडी कडक करावी लागते आणि आखूडपणा आणि कडकपणा एकाच खोक्यात येतात. आणि कडक स्प्रिंग उसळते जोरात, ती आवरायला शॉक अ‍ॅब्सॉर्बरही तसा हवा. एमजीबी किंवा ट्रायम्फ टीआर६ च्या जुन्या लिव्हर आर्म शॉकमध्ये (तरफेच्या हातानं चालणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये) तेल उतरलेलं असेल, तर नवी कडक स्प्रिंग गाडीला नाचवतेच.

बसवण्याचं काम दोन्ही स्प्रिंगांचं सारखंच आहे, धोकाही सारखाच. आपली ८ किलोची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबून धरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा ४० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढी असते. गाडी चासीखाली पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नको. स्प्रिंगच्या थाळ्याखाली जॅक लावून विशबोन हळूहळू उतरवा. काही गाड्यांत थाळ्याचे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब आट्याचे दांडे घालतात आणि नट थोडे थोडे सैल करत स्प्रिंग मोकळी करतात. स्प्रिंग सुटेपर्यंत तोंड आणि हात तिच्या रेषेत आणू नका.

जुनी स्प्रिंग काढताना वरची रबरी बैठक आणि चकत्या कुठे होत्या त्याचा फोटो काढा. चकतीची जाडी चाकापाशी दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे ती हरवली तर नव्या स्प्रिंगला उगाच बोल लागतात. डावी-उजवी जोडी एकदमच बदला. आखूड स्प्रिंग घातली असेल, तर चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ती बैठकीत हलत नाही ना, ते हातानं पाहा.

एक चूक मात्र सर्रास होते: चाक हवेत असतानाच विशबोनच्या रबर बुशचे बोल्ट आवळून टाकणं. रबर त्या स्थितीत जखडलं जातं आणि गाडी खाली उतरली की पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक छोटी स्प्रिंग होऊन गाडी वर ढकलतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी सैलसर ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढेमागे ढकला, दोनचार वेळा दाबून सोडा, आणि मगच शेवटचे आवळा.

उंचीचं पहिलं माप त्याच दिवशी घेतलंत तरी त्यावर भांडू नका. नवी स्प्रिंग थोडी स्थिरावते. काही आठवडे गाडी चालवा, पुन्हा त्याच जागी, तेवढ्याच पेट्रोलनं मोजा, आणि कॅम्बर-टोचं (चाकांच्या कलाचं आणि रोखाचं) अलाइनमेंट त्यानंतर करून घ्या.