तागाचा माल घेताना आणि पावसाळ्यात सांभाळताना

आमच्याकडच्या गोण्या, कापड, सुतळी सगळं पश्चिम बंगालच्या तागाचं. (हिरवळीच्या खताला पेरतात तो ताग निराळा.) गोव्यात एवढा पाऊस, मग ताग का पिकत नाही? पेरणी मार्च ते मे मध्ये होते, तेव्हा अधूनमधून सरी लागतात. आपल्याकडे भरवशाचा पाऊस जूनपासून. शिवाय त्याला नदीच्या गाळाची सपाट जमीन हवी. इथले उतार जांभ्याचे, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) खारी.

पीक 100 ते 120 दिवसांचं. शेंगा कोवळ्या असतानाच कापतात, बी पिकेपर्यंत ठेवलं तर तंतू राठ होतो. मालाची खरी प्रत मात्र त्यानंतर ठरते. जुड्या संथ पाण्यात 12 ते 20 दिवस कुजवतात. कमी कुजल्या तर सालीचे तुकडे चिकटून राहतात, जास्त कुजल्या तर तंतूचा जीव जातो. जुड्या बुडवायला वर चिखल नि केळीचे खुंट टाकले की रंग काळवंडतो. म्हणून कापड उजेडासमोर धरून बघा: सालीचे ठिपके दिसतील. कडेचा एक धागा काढून ओढा. सहज तुटला तर ते कापड घेऊ नका, आमच्याकडचं असलं तरी.

काजूबिया किंवा तांदूळ भरायचे असतील तर आधी सांगा. सूत मऊ करायला गिरणीत साधारणपणे खनिज तेल मारतात, त्याचा रॉकेलसारखा वास जिनसाला लागतो. खाण्याच्या मालासाठी वनस्पती तेलाच्या गोण्या वेगळ्या येतात, थोड्या महाग.

हाताला कोरडी लागणारी गोणीसुद्धा वजनाच्या सुमारे 13 टक्के पाणी धरून असते. जुलैत त्याहून बरंच जास्त. बिया दोन-तीन कडक उन्हं दाखवूनच भरा. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. थेट फरशीवरची खालची गोणी बुरसते, आणि ती सगळ्यात शेवटी हाती येते.

पिशवी मशीनमध्ये धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. उन्हात ताग पिवळा पडतो. मासळीला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असलेली घ्या, पण ती खताच्या खड्ड्यात टाकू नका.

माटोळीसाठी (चतुर्थीला गणपतीच्या वर फळंफुलं टांगतात ती चौकट) सुतळी नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ताग ताणत नाही, एकदम तुटतो. नारळाच्या घडाला तीन पदरी सुतळी दुहेरी घेऊन बांधा.