कन्फाउंडिंग: डोक्यातला गोंधळ आणि आकड्यांतली सरमिसळ

इंग्रजी बोलण्यात ‘कन्फाउंडिंग’ म्हणजे चक्रावून टाकणारं. कोडं सुटत नाही, नियमांची भाषा डोक्यावरून जाते, तेव्हा हा शब्द वापरतात. हा गोंधळ बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. कुणी नीट समजावलं की संपतो.

संख्याशास्त्रातलं कन्फाउंडिंग आकड्यांत असतं. दोन कारणांचे परिणाम एकमेकांत असे मिसळतात की कुणाचा वाटा किती, ते सांगता येत नाही. त्यामुळे ‘गोंधळकारक घटक’ हे भाषांतर दिशाभूल करतं. ‘सरमिसळ’ जास्त जवळचा शब्द. लॅटिन मूळही ‘एकत्र ओतणे’ असंच आहे. शिवाय इथे कुणी गोंधळलेलं नसतंच. निष्कर्ष लख्ख दिसतो, फक्त चुकीचा असतो.

मूतखड्यावरच्या उपचारांचा १९८६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. खुल्या शस्त्रक्रियेला ३५० पैकी २७३ रुग्णांत यश आलं, म्हणजे ७८ टक्के. पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीला ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. छिद्राची पद्धत सरस, असं कुणीही म्हणेल. आता खड्याच्या आकारानुसार रुग्ण वेगळे करा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत खुली शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), छिद्राची पद्धत २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठ्या खड्यांत २६३ पैकी १९२ (७३ टक्के) आणि ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्हीकडे खुली शस्त्रक्रिया पुढे!

बेरीज कुठेच चुकलेली नाही. अवघड, मोठे खडे बहुतेक खुल्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते, एवढंच. एकूण ७०० रुग्णांत लहान खडे ५१ टक्के आणि मोठे ४९ टक्के होते. दोन्ही उपचारांना हेच प्रमाण लावून सरासरी काढली, तर खुल्या शस्त्रक्रियेचं यश सुमारे ८३ टक्के येतं आणि छिद्राच्या पद्धतीचं ७८. आकडे जवळजवळ जागा बदलतात.

एखादा घटक कन्फाउंडर, म्हणजे अशी सरमिसळ घडवणारा, आहे का, हे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. तो उपचाराशी जोडलेला आहे का? परिणामावर त्याचा स्वतःचा प्रभाव आहे का? आणि तो उपचारामुळेच घडलेला नाही ना? तिसरी अट सर्वांत जास्त विसरली जाते. रक्तदाबाच्या गोळीने पक्षाघात टळतो का, हे तपासताना गोळी सुरू झाल्यानंतरचा रक्तदाब हिशेबात ‘समायोजित’ केला, म्हणजे सारख्या रक्तदाबाच्याच रुग्णांची तुलना केली, तर गोळीचा गुण आपणच पुसून टाकतो. हाताशी असलेले सगळे चल, म्हणजे मोजलेले घटक, हिशेबात कोंबणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

उलट चूकही होते. वयासाठी समायोजन केलं म्हणायचं, पण वयाचे गट ‘५० खालचे’ आणि ‘५० वरचे’ एवढेच. मग ५१ आणि ८५ एकाच टोपलीत पडतात आणि सरमिसळ उरतेच.

रोजच्या गोंधळावर जास्त माहिती हा उतारा चालतो. इथे नमुना दसपट केला तरी यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारी, चूक तेवढी घटते, सरमिसळ जशीच्या तशी राहते; उलट चुकीच्या उत्तराभोवतीची विश्वास-मर्यादा, म्हणजे खरं उत्तर ज्यात असेल असं आपण धरतो तो पट्टा, आणखी अरुंद होते. न मोजलेल्या घटकांवरही चालणारा उपाय म्हणजे उपचार चिठ्ठ्या टाकून वाटणं. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणात्मक अभ्यास, म्हणजे उपचार वाटून न देता नुसती नोंद ठेवणारे अभ्यास, सांगत होते. १६,६०८ स्त्रियांवरच्या अमेरिकन चाचणीत, २००२ मध्ये, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या गटात तो जास्त आढळला. स्वतःहून हार्मोन घेणाऱ्या मुळातच जास्त निरोगी आणि सुस्थितीतल्या असत, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

गंमत म्हणजे प्रयोगांच्या आखणीत सरमिसळ मुद्दामही करतात. शेतीच्या प्रयोगात तीन घटकांच्या दोन-दोन पातळ्या (जसं खत कमी किंवा जास्त) धरल्या की आठ जोडण्या होतात, पण एका जागी एकसारख्या जमिनीचे तुकडे चारच मिळतात. मग चार-चारचे दोन गट असे पाडतात की तिन्ही घटकांची एकत्रित आंतरक्रिया (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यांवर अवलंबून असणं) गटांमधल्या फरकात मिसळून जाईल. ती वेगळी काढता येत नाही, पण तिन्ही मुख्य परिणाम आणि घटकांच्या जोड्यांमधल्या आंतरक्रिया स्वच्छ हाती येतात.