कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतराचे आणि वेळेचे गणित

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलांकडे निघालेले कोल्हापूरचे आईवडील प्रवासाच्या तासांची चौकशी करतात, तेव्हा अंतराला वेगाने भागले की उत्तर मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात त्या भागाकारात पृथ्वीचा गोलावा, वाटेतील पर्वत आणि आकाशातील वारे हे सारेच येते.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे दिसते, त्यामुळे जवळची वाट युरोपवरून जात असणार अशी समजूत होते. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो कोल्हापूरहून जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो, उत्तराखंडावरून हिमालय ओलांडतो, सायबेरिया मागे टाकून ७५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. गोलावरील या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात आणि तिची लांबी सुमारे १३,७०० किलोमीटर भरते.

या दोऱ्यावरून विमान मात्र जात नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईसारख्या शहरात विमान बदलावे लागते. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. शिवाय तिबेटच्या पठारावरून उडणे विमान कंपन्या शक्यतो टाळतात. विमानातील हवेचा दाब अचानक घटला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंचीवर आहे.

वेळेवर सर्वांत मोठा परिणाम वाऱ्याचा होतो. ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा वेग त्याच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असतो, आणि ती हवा स्वतः वाहत असते. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे कित्येकदा ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडतात. ते पाठीशी असले तर जमिनीच्या तुलनेत विमान ताशी १,१०० किलोमीटरने धावते, समोरून आले तर तेच विमान ७०० वर येते. म्हणूनच ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबची, एकूण १५,३०० किलोमीटरची होती. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले. लांबची वाट लवकर संपते, हे मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर तथ्य वाटते.

कोल्हापूर-मुंबई या छोट्या टप्प्यात वाऱ्याचे फारसे चालत नाही. सरळ अंतर अवघे ३०० किलोमीटर असूनही तिकिटावर सुमारे तासभर दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांतच बराच वेळ जातो.

तिकिटावरील सर्व वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. मुंबईहून जानेवारीत दुपारी दोनला सुटलेले विमान सोळा तास उडाले, तर सॅन फ्रान्सिस्कोत ते त्याच तारखेला दुपारी साडेचारला उतरते. तिकिटावर दिसणाऱ्या अडीच तासांत साडेतेरा तास मिळवले की खरा प्रवास समजतो. मार्च ते नोव्हेंबर या काळात तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा साडेबारा मिळवावेत.